जुना मणी, नवी दृष्टी : हाती घडविलेल्या काचमण्यांच्या इतिहासातील प्रेरणास्रोत

प्रस्तावना

उत्खननाच्या अहवालात काचेच्या मण्याला बहुधा एक ओळ मिळते. आकार, छेद, रंग, लांबी, व्यास, छिद्राचा प्रकार, कोणत्या थरात सापडला, एवढी नोंद झाली की मणी पेटीत जातो आणि संशोधक पुढच्या मण्याकडे वळतो. कालनिर्णयासाठी व व्यापारी मार्गांच्या अभ्यासासाठी ही पद्धत आवश्यकच आहे. तथापि तिच्यात एका प्रश्नाला जागा नाही. ज्या हाताने तो मणी घडविला, त्या हाताला नवे काही सुचले ते कोठून? शिल्पकार, चित्रकार, विणकर यांच्याविषयी हा प्रश्न आपण सहज विचारतो. मणिकाराविषयी विचारत नाही. त्याचे कारण असे की काचेच्या मण्याविषयी एक उत्तर आधीच ठरून गेले आहे. काचेचा मणी म्हणजे मौल्यवान खड्याची स्वस्त नक्कल, असे ते उत्तर होय.

या उत्तरात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. नक्कल करता करता काच स्वतःच्या स्वभावावर गेली, आणि त्या ठिकाणी ज्या मणिकाराने थांबून नीट पाहिले त्याला नवे रूप सापडले, असे काचमण्यांचा इतिहास सांगतो. ज्या ज्या वेळी ही कला शिळी झाली, त्या त्या वेळी तिला ताजेपणा आला तो बहुतेकदा जुन्या किंवा परक्या मण्यांकडे पुन्हा पाहिल्यामुळे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाच्या आधारे, आणि त्याच्या जोडीने चीन, पश्चिम आफ्रिका व दख्खन येथील काही उदाहरणांवरून, हे म्हणणे तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

डोंगरातला लाजवर्द आणि भट्टीतला लाजवर्द

मेसोपोटेमियातील मृण्मय लेखांत लाजवर्दाचे दोन प्रकार सांगितलेले आढळतात. एक डोंगरातला, दुसरा भट्टीतला. पहिला म्हणजे खरा निळा दगड, दुसरा म्हणजे निळी काच. येथे भट्टीतल्या वस्तूला ‘खोटा’ असे म्हटलेले नाही. तिचे उगमस्थान तेवढे वेगळे सांगितले आहे. अस्सल आणि बनावट हा आपला भेद त्या काळच्या माणसाला तितकासा महत्त्वाचा वाटत नसावा, असे यावरून मानण्यास जागा आहे.

दगडाचा मणी हा कापून, घासून, भोक पाडून होतो, म्हणजे मूळ वस्तूतून काढून टाकीत जाण्याचे ते काम आहे. काचेचे काम याच्या उलट. वितळलेली काच लोखंडी सळईभोवती गुंडाळली की भोक आपोआप मिळते. ती नळीसारखी ओढली तर लांबच लांब पोकळ दोरी तयार होते आणि तिचे तुकडे केले की शेकडो मणी हाती येतात. शिवाय काचेचा एक विलक्षण गुण असा की, निरनिराळ्या रंगांच्या काचा एकत्र जोडून केलेली जाड कांडी तापवून ओढली तर ती बारीक होत जाते, पण तिच्या छेदातील नक्षी मोडत नाही. पंज्याएवढे फूल मोहरीएवढे होते आणि पाकळ्या जागच्या जागी राहतात. दगडात हे शक्य नाही. अकिकातील पट्ट्यांची नक्कल करावयास बसलेल्या मणिकाराच्या हाती हा गुण लागला, आणि तेथून पुढे काचेच्या मण्याला दगडाकडे पाहण्याची गरज उरली नाही.

चीनमधील ‘डोळ्यांचे मणी’ हे याचे चांगले उदाहरण आहे. एका रंगाच्या मण्यावर दुसऱ्या रंगांचे थेंब एकावर एक देऊन डोळ्यासारखी वर्तुळे उठविण्याची पद्धत पश्चिम आशिया व भूमध्य समुद्राच्या परिसरात जुनी होती. असे मणी इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या सुमारास चीनपर्यंत पोहोचले. हूबै प्रांतात १९७८ मध्ये उत्खनन झालेल्या झंग राज्याच्या यी या अधिपतीच्या थडग्यात ते सापडले आहेत. पुढे चिनी कारागिरांनी तसेच मणी घरी करावयास घेतले. त्यांची काच मात्र निराळी होती. तिच्यात शिसे आणि बेरियम होते, जे पश्चिमेकडील सोडायुक्त काचेत नसते. त्यामुळे रासायनिक परीक्षणात परका मणी आणि देशी मणी आज वेगळे ओळखू येतात. आणखी एक फरक परीक्षणाशिवाय, नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. देशी मण्यांवरचे डोळे संख्येने वाढले, एकमेकांना बिलगले, केंद्रापासून सरकले, काही तर शिंगासारखे पुढे आले. ज्याने परका मणी पाहून काम सुरू केले, त्याने तो जसाच्या तसा उतरवून घेण्यात समाधान मानले नाही.

मुरानो : विस्मरण आणि पुनर्दर्शन

व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या शहरातून मुरानो बेटावर हलविल्या. आगीची भीती हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. धंद्यातील गुपिते एका बेटावर राखणे सोपे जाते हा लाभही त्यात होताच. या बेटावर पंधराव्या शतकाच्या अखेरीस जो मणी निर्माण झाला तो काचमण्यांच्या इतिहासात सर्वांत प्रसिद्ध ठरला. त्याचे नाव ‘रोझेत्ता’. परंपरेने त्याचे श्रेय मारिया बारोविएर या स्त्रीला दिले जाते. स्फटिकासारख्या स्वच्छ काचेसाठी नावाजलेल्या आंजेलो बारोविएरची ती कन्या. स्वतःची लहान भट्टी चालविण्याची परवानगी तिला १४८७ मध्ये मिळाल्याची नोंद आहे, आणि ज्या काळी भट्टीवरचे काम पुरुषांचे मानले जात होते त्या काळातील ही नोंद म्हणून तिला वेगळे महत्त्व आहे.

रोझेत्ताची कृती समजून घेण्यासारखी आहे. पांढऱ्या, निळ्या, तांबड्या काचेचे थर एकावर एक चढवीत जायचे. मधूनमधून तो गोळा ताऱ्याच्या आकाराच्या, आतून खाचा असलेल्या साच्यात दाबायचा, म्हणजे थराची कड बारा टोकांची होते. मग दोन माणसांनी दोन बाजूंनी धरून विरुद्ध दिशांना चालत जात त्याची लांब नळी ओढायची. नळीचे तुकडे केले की बाहेरून दिसतो तो निळा, साधा, अगदी सामान्य मणी. त्याची दोन्ही टोके सहाणेवर उतरती घासली की आतला तारा बाहेर येतो आणि थरांच्या नागमोडी रेघा उमटतात. या मण्याचे सौंदर्य पोटात दडलेले आहे आणि घासल्याखेरीज ते दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे. पुढील विवेचनात त्याचा संबंध येणार आहे.

१७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक नेपोलियनपुढे कोसळले. त्यानंतर कारागिरांचे संघ मोडले, बाजार आक्रसला, आणि बेटावरील कलात्मक काचकाम जवळजवळ थंडावले. व्यापारी मणी मात्र तयार होत राहिले. किंबहुना मण्यांनीच अनेक घरांची चूल पेटती ठेवली. मात्र कारागिराच्या हाती काम होते, डोळ्यांसमोर नमुना नव्हता. आपल्या आजोबा-पणजोबांनी काय केले हे त्याला ऐकून माहीत होते, पाहून नव्हे. कारण जुन्या उत्तम वस्तू बेटावर राहिल्याच नव्हत्या.

ही उणीव ज्याने ओळखली तो काचकामगार नव्हता, धर्मगुरू होता. विन्चेन्झो झानेत्ती याने १८६१ मध्ये नगरप्रमुख आंतोनिओ कोल्लेओनी याच्या साहाय्याने मुरानोच्या इतिहासाचा दस्तऐवज-संग्रह उभारण्यास प्रारंभ केला. लोकांनी जुन्या वस्तू आणून दिल्या आणि दस्तऐवजांच्या संग्रहाचे पाहता पाहता काचसंग्रहालय झाले. लगोलग त्याला जोडून काचकामगारांसाठी चित्रकलेची शाळा निघाली. संग्रहालय प्रथम कोणासाठी होते, हा येथे महत्त्वाचा मुद्दा आहे. ते प्रवाशांसाठी नव्हते, विद्वानांसाठीही नव्हते; भट्टीवरून उठून आलेल्या माणसाने जुनी वस्तू पाहावी, कागदावर उतरवावी आणि परत भट्टीवर जावे, यासाठी ते होते. आपल्याकडील संग्रहालयांच्या चर्चेत हा हेतू क्वचितच येतो.

याच सुमारास व्हेनिसमध्ये दिव्याच्या ज्योतीवर काम करणाऱ्या जोव्हान्नी बात्तिस्ता फ्रान्किनी व त्याचा मुलगा जाकोमो यांनी काचेच्या कांड्यांत फुले व पक्षीच नव्हेत, तर माणसांचे चेहरेही साधले. जाकोमोने केलेल्या कांड्यांच्या छेदांत काव्हूर, गारिबाल्दी अशा समकालीन राजकीय पुरुषांच्या प्रतिमा आहेत, आणि त्यांचा व्यास नखाएवढाही नाही. या कामाचा ताण किती असेल याची कल्पनाच करावी. जाकोमोला पुढे मानसिक विकाराने ग्रासले आणि त्याचे काम थांबले. त्याच्या पद्धतीत त्या तोडीचे काम करणारा शिष्य त्याच्यामागे राहिला नाही.

जुन्या काचेचे पुनर्दर्शन खऱ्या अर्थाने फळले ते विन्चेन्झो मोरेत्तीच्या हातून. रोमन काळातील मोझेक काच, म्हणजे नक्षीदार कांड्यांचे काप शेजारी शेजारी मांडून, वितळवून एकजीव केलेली काच, ही बहुतांशी तुकड्यांच्याच रूपाने शिल्लक आहे. मोरेत्तीने १८७० च्या दशकात या प्राचीन काचेच्या धर्तीवर प्रयोग करून ती कृती पुन्हा हस्तगत केली, आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ही मुरानोची नवी काच जगासमोर आली. तिला ‘मुरीनो’ हे नाव झानेत्तीने दिले. रोमन लेखक प्लिनी याने ज्या ‘मुरीन’ पात्रांची अपार किंमत वर्णिली आहे ती काचेची होती, या समजुतीने ते दिले गेले. आज बहुतेक अभ्यासक ती पात्रे फ्लोराइट या खनिज दगडाची होती असे मानतात. म्हणजे दगडाचे नाव चुकून काचेला मिळाले. मेसोपोटेमियात भट्टीतल्या काचेला लाजवर्द म्हणणाऱ्यांना या चुकीत वावगे काही वाटले नसते!

मोरेत्तीचे काम नक्कल होते काय? हेतूने होते, हे मान्य करावे लागेल. परंतु रोमन तुकड्यातील रंग मिळविण्यासाठी त्याला काचेच्या मिश्रणांवर जे परिश्रम करावे लागले, त्यातून रंगांची एक नवी पट मुरानोला मिळाली, आणि कांड्यांचे काप मण्यांवर बसविण्याचे जे ‘मिल्लेफिओरी’ म्हणजे सहस्रपुष्पी काम पुढे भरभराटीला आले, त्यातील विविधता रोमन काचेत शोधूनही सापडणार नाही.

मागणी करणारा दूरचा हात

हे सहस्रपुष्पी मणी जात कोठे होते? त्यांतील फार मोठा भाग पश्चिम आफ्रिकेत. व्यापाऱ्यांकडे मणी शिवलेली नमुनापत्रे असत. लंडनमधील मोझेस लेविन या मणीव्यापाऱ्याची एकोणिसाव्या शतकातील अशी नमुनापत्रे ब्रिटिश म्युझियममध्ये जतन केलेली आहेत. आफ्रिकेतील कोणत्या भागात कोणता रंग चालतो, कोणता अजिबात विकला जात नाही, हे व्यापाऱ्याला ठाऊक असावेच लागे. पाठविलेला माल नापसंत पडला तर तो तसाच पडून राही. म्हणजे व्हेनिसच्या स्त्रीने दिव्यावर बसून जो मणी केला, त्याच्या रंगांची निवड कित्येकदा तिने कधीही न पाहिलेल्या आफ्रिकी स्त्रीच्या आवडीने झालेली असे. कलेच्या इतिहासात या दुसऱ्या स्त्रीला सहनिर्मितीचे श्रेय द्यावयास आपण अद्याप शिकलेलो नाही. याच मण्यांच्या मोबदल्यात सोने व हस्तिदंत तर नेले गेलेच, आधीच्या शतकांत माणसेही नेली गेली. मण्याच्या सौंदर्याविषयी लिहिताना हा हिशेब वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

आणि मग प्रवाह उलटा वाहिला. घानामधील क्रोबो लोक काचेच्या बाटल्या व फुटके मणी कुटून त्यांची पूड करतात, ती मातीच्या साच्यांत थरांनी भरतात, छिद्राच्या जागी कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात आणि साचा भट्टीत ठेवतात. देठ जळून जातो, छिद्र राहते. हे मणी मुलींच्या ‘दिपो’ या वयात येण्याच्या विधीत अंगभर ल्यायले जातात. मॉरितानियातील किफा गावाच्या नावाने ओळखले जाणारे मणी तर याहून चकित करणारे आहेत. ते करणाऱ्या स्त्रियांजवळ ना भट्टी होती ना काच वितळविण्याची मूस. आयात मण्यांची व बाटल्यांची रंगनिहाय पूड करून, ती लाळेत किंवा डिंकाच्या पाण्यात कालवून, सुईच्या टोकाने गाभ्यावर रेघ रेघ चढवायची आणि लहानशा पत्र्याच्या डब्यात ठेवून निखाऱ्यांवर भाजायची. या मण्यांचे प्रसिद्ध रूप त्रिकोणी आहे. गुंडाळलेल्या वा ओढलेल्या मण्याला तो आकार सहजी येत नाही. रेमों मोनी या फ्रेंच अभ्यासकाने १९४९ मध्ये त्यांची नोंद केली. पुढे ही परंपरा जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया एकामागून एक निवर्तल्या व ती जवळजवळ लोपली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे पुनरुज्जीवन करण्याचे प्रयत्न झाले. परका मणी कुटून त्याच्या पुडीतून स्वतःचा मणी करणे, प्रेरणा घेणे याचा याहून शब्दशः अर्थ दुसरा कोणता असू शकेल!

दख्खनचे मणी

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात कच्च्या काचेचा उल्लेख आहे, आणि त्याच बंदरावर पैठणहून गोमेदासारखे पट्टेदार दगड व तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरहून, कापड येत असल्याचे सांगितले आहे. एकाच धक्क्यावर काच उतरत होती आणि दगड चढत होता. नेवासे, कोल्हापूरची ब्रह्मपुरी, तेर, पैठण या स्थळांनी सातवाहनकालीन मण्यांचा मोठा साठा उपलब्ध करून दिला. या अभ्यासाचा पाया मराठी संशोधकांनी घातला याचा येथे अभिमानाने उल्लेख करावयास हवा. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा नक्षीदार अकीक मण्यांवरील ग्रंथ १९४९ मध्ये आणि भारतीय काचेचा इतिहास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये आलोक कुमार कानुनगो यांनी प्राचीन काचमण्यांचा विचार आजच्या जिवंत कारागिरीच्या आधारे केला.

या जिवंत कारागिरीचे ठिकाण म्हणजे आंध्र प्रदेशातील तिरुपती जिल्ह्यातले पापानायडुपेट. तेथे लोखंडी नळीवर गोळा केलेल्या काचेतून हाताने पोकळ नळी ओढण्याची रीत टिकून राहिली, आणि पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू येथे दोन हजार वर्षांपूर्वी होणारे ओढीव मणी याच तत्त्वावर होत असले पाहिजेत, असे पीटर फ्रान्सिस यांनी दाखवून दिले. हे मणी बहुधा सहा मिलिमीटरपेक्षाही लहान, एकरंगी, नक्षीविरहित. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जपान-कोरियापर्यंत ते सापडतात, म्हणून फ्रान्सिस यांनी त्यांना ‘हिंद-प्रशांत मणी’ हे नाव दिले.

रोझेत्ताशेजारी हा मणी ठेवला तर तो गरीब दिसतो. त्यात कल्पकता कोठे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. माझ्या मते ती एकसारखेपणात आहे. हजारो मणी एका जाडीचे, एका रंगाचे उतरविण्यासाठी ओढणाऱ्याच्या हाताला जो वेग सांभाळावा लागतो, तांबडा अपारदर्शक रंग येण्यासाठी भट्टीतील धूर आणि हवा यांचा जो मेळ राखावा लागतो, ते मण्यावर दिसत नाही. दिसते ती माळ. मंगळसूत्रातील काळी पोत पाहणाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. एक काळा मणी काहीच नसतो, ओळ हीच त्याची रचना असते.

उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातील पुर्दिलनगर येथेही भट्टीभोवती बसून सळईवर मणी गुंडाळणारे कारागीर आहेत. या दोन्ही ठिकाणच्या मणिकारासमोर आज जो नमुना येतो तो प्रामुख्याने व्यापाऱ्याने दिलेला, म्हणजे कोठेतरी खपलेल्या मण्याचा. मुरानोतही नमुनापत्र होतेच. फरक एवढाच की तेथे १८६१ नंतर नमुनापत्राच्या जोडीला संग्रहालय होते. पाश्चात्त्य देशांत मणी घडविणाऱ्या हौशी व व्यावसायिक कलावंतांनी १९९३ मध्ये अमेरिकेत आपली संघटना स्थापन केली. कॉर्निंग येथील काचसंग्रहालयाने २०१३ मध्ये पस्तीस शतकांच्या काचमण्यांचे प्रदर्शन भरविले. इटली व फ्रान्स यांच्या काचमणीकलेला युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. या कलावंतांपैकी अनेकांनी आपला नवेपणा प्राचीन मण्यांसमोर बसूनच मिळविला आहे.

पापानायडुपेटच्या कारागिराने तेरच्या लामतुरे संग्रहालयात येऊन सातवाहनकालीन मणी हातात घेऊन पाहावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. मात्र त्याला कोणता मणी दाखवावा, याविषयी एक सूचना करावीशी वाटते. काचफलकामागे मांडले जातात ते अखंड, घाटदार मणी. अखंड मणी पाहणाऱ्याला रूप सांगतो. कृती सांगत नाही. थर किती होते, काच गुंडाळली की ओढली, बुडबुडे छिद्राला समांतर आहेत की त्याभोवती फिरले आहेत, हे कळते ते फुटक्या मण्याच्या छेदात. रोझेत्ताचा तारा घासल्यावर दिसतो, मोरेत्तीपुढे आलेली रोमन काच तुकड्यांची होती, आणि क्रोबो व किफाच्या मणिकारांनी तर मणी आधी कुटले. आपल्या अहवालांच्या कोष्टकांत असे मणी शेवटच्या रकान्यात ‘भग्न’ या एका शब्दाने नोंदलेले असतात, आणि त्यांच्या पेट्या बहुधा सर्वांत खालच्या खणात असतात.